घसरण : एक तुलनात्मक अभ्यास

आमच्या अकोल्यात बर्फ भेटतो तो दोनच ठिकाणी, गोळेवाल्याच्या गाडीवर आणि रसवंतीतल्या गोणपाटाखाली. अशा गावातल्या सत्तेचाळीस वर्षांच्या बाईला नातेवाइकांनी फोन करून, ‘स्कीइंगसाठी गुलमर्ग बरे की औली?’ असे विचारावे, हा काळाचा महिमा आहे. मात्र गेल्या दोन हिवाळ्यांत मी दोन्ही ठिकाणांवरून रीतसर घसरले असल्यामुळे, पुतण्यापासून विहीणबाईंपर्यंत सगळे मलाच तज्ज्ञ मानतात. मूळ कल्पना यांची. हे विम्याचे सर्व्हेअर असल्यामुळे नुकसानीची नोंद केल्याशिवाय यांना कोणत्याही घटनेचा आनंद घेता येत नाही. काश्मीरच्या पीर पंजाल रांगेतले गुलमर्ग आणि उत्तराखंडच्या गढवालातली औली यांची तुलना करायची असे ठरले, तेव्हा कामाची वाटणी आपोआप झाली : पडण्याचे काम माझ्याकडे आले आणि वहीचे यांच्याकडे.

पहिला मान औलीचा. ऋषिकेशहून जोशीमठ सुमारे २५० किलोमीटर आहे आणि तो सगळा रस्ता नदीच्या कडेने जातो. पंचप्रयागांपैकी चार वाटेतच लागत असल्यामुळे, सासूबाईंनी दिलेल्या चार बाटल्या हे एकेका संगमावर उतरून भरत होते. देवप्रयागच्या पाण्यात वरच्या तिन्ही प्रयागांचे पाणी आलेलेच असते, तेव्हा एक बाटली पुरे, असा मुद्दा मी मांडला. परंतु भूगोल आणि सासूबाई यांच्यात निवड करायची वेळ आली की हे भूगोलाचे नुकसान होऊ देतात. जोशीमठाहून औलीला पूर्वी सुमारे चार किलोमीटरच्या रोपवेने तरंगत जाता येत असे. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठाची जमीन खचू लागल्यावर तो बंद झाला, आणि आम्ही वर पोहोचलो ते जीपने, वळणावळणाला डोळे मिटून.

औलीचा उतार छोटा, आटोपशीर आणि समोर ७,८१६ मीटरची नंदादेवी, त्यामुळे पडले तरी दृश्य उत्तम दिसते. अडचण एकच होती, ती म्हणजे बर्फ. हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून जे पश्चिमी झंझावात येतात, त्यांच्या वाटेत काश्मीर आधी लागते आणि तिथे हात सैल सोडून झाल्यावर जे उरते ते गढवालकडे सरकते. महाबळेश्वरात धो धो कोसळून माण-खटावला ठेंगा दाखवणारा पाऊस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. उणे पडले तर औलीत यंत्राने बर्फ पाडण्याची सोय केलेली आहे. पण आमच्या वाट्याला जो आला तो पातळ आणि कडक होता, आणि त्यातून मधूनमधून गवत डोकावत होते.

आता बुटांविषयी. स्कीचा बूट हा पादत्राणांचा प्रकार नसून अटकेचा प्रकार आहे. कडक प्लास्टिकच्या त्या बुटाला नडगीपर्यंत चार खटके असतात आणि ते लावले की माणूस गुडघ्यात वाकतो, तो संध्याकाळपर्यंत सरळ होत नाही. मग हा बूट स्कीच्या लांब पट्टीवर बसवायचा : आधी चवडा अडकवायचा, नंतर टाच दाबायची, आणि ‘खट्’ असा आवाज आला की बसला. हे तंत्र कुकरच्या आतल्या झाकणापेक्षा फारसे वेगळे नाही, इतकेच की तळव्याला बर्फाचा गोळा चिकटलेला असेल तर हे झाकण सात जन्मांत बसत नाही. मला शिकवणारा गढवाली मुलगा माझ्या मुलापेक्षा लहान आणि तिपटीने सोशिक होता. “आंटीजी, पहाड़ की तरफ़ नहीं, घाटी की तरफ़ झुको,” असे तो दर दोन मिनिटांनी सांगत असे. तोल सावरण्यासाठी दरीकडे झुकायचे, हे शास्त्रशुद्ध असेलही. परंतु ज्या बाईने जन्मभर बसमध्येसुद्धा दरीच्या बाजूची खिडकी घेतली नाही, तिला ते तीन दिवसांत कसे पटावे? शेजारच्या उतारावरून भारत-तिबेट सीमा पोलीस दलाचे जवान सुईत दोरा ओवावा तसे खाली जात होते, आणि हे वहीत लिहीत होते, “पतन क्र. ७. दिशा : ईशान्य. नुकसान : एक हातमोजा.” अशी एकूण अकरा पतने झाली. प्रत्येक वेळी सडकून लागले, पण जमीन टणक असल्यामुळे प्रत्येक वेळी मी स्वतःच्या बळावर उभी राहिले.

गुलमर्गला पुढच्या हिवाळ्यात गेलो. इथे सगळेच मोठे आहे. पायथ्याच्या टंगमर्गला गाडीच्या चाकांना साखळ्या बांधल्या जातात, तिथूनच गमबूट, लांब कोट आणि स्लेज, म्हणजे बर्फावरून ओढायची घसरगाडी, यांचे आग्रह सुरू होतात. इंग्रजांनी इथे १९२७ मध्येच स्कीचा क्लब काढला होता. गोंडोला, म्हणजे इथला रोपवे, दोन टप्प्यांत जातो, पहिला कोंगदूरीपर्यंत आणि दुसरा अफरवट शिखराच्या खांद्यापर्यंत, जवळजवळ ३,९५० मीटरवर. आमच्या डब्यात दोन परदेशी तरुण होते आणि त्यांच्या पाठीवर हिमस्खलनात तरंगत ठेवणाऱ्या हवेच्या पिशव्या होत्या. माझ्या पाठीवर मेथीचे ठेपले होते. वारा सुटल्यामुळे वरचा टप्पा बंद असल्याचे कळले तेव्हा ते दोघे हळहळले आणि मी तोंड फिरवून वाऱ्याला हात जोडले.

खरा फरक मला कोंगदूरीला समजला. तिथला ताजा बर्फ पिंजलेल्या कापसासारखा भुसभुशीत असतो आणि त्यात पडणे हे अक्षरशः गादीवर पडणे आहे. मला तर हसूच आले. मग उठण्यासाठी मी काठी टेकली, ती मुठीपर्यंत आत गेली. हात टेकला, तो खांद्यापर्यंत गेला. पाय हलवावे तर पट्ट्या कुठे आहेत ते कळेना. हे वरून फोटो काढत होते. तेवढ्यात, “मॅडम, आप थक जाएँगी,” असे म्हणत सकाळपासून मागे लागलेला आणि मी तीन वेळा झिडकारलेला स्लेजवाला शांतपणे शेजारी येऊन उकिडवा बसला. सकाळी त्याने पाचशे रुपये सांगितले होते आणि मी दोनशेवर अडून बसले होते. आता कमरेपर्यंत बर्फात असताना मी तीनशे म्हणाले. तो आभाळाकडे पाहत आठशे म्हणाला. चार दशके भाजीबाजारात कमावलेली विद्या पणाला लावून मी निघून जाण्याचा आव आणायला गेले, पण त्यासाठी निघता यावे लागते.

रात्री वही पाहिली. “गुलमर्ग, पतन क्र. १. नुकसान : नाही. उठण्याचा खर्च : रु. ८००. औलीला हा खर्च आला नव्हता.”