पंतांची उचल

सशाकडे पाहिलं की माणसाचे हात आपोआप पुढे होतात, आणि ते हात पाहिले की ससा आपोआप सोफ्याखाली जातो. इतका मऊ प्राणी घडवायचा आणि त्याला अंगाला हात लावून घ्यायची हौस मात्र तसूभर द्यायची नाही, हा कुठला न्याय म्हणायचा?

आमच्याकडच्या सशाचं नाव चिंतोपंत. आणला लेकाने, बारसं केलं लेकाने, आणि नोकरी लागल्यावर बंगळुरूला निघून गेला तोही लेकच. जाताना म्हणाला, "आई, त्याचं काही करावं लागत नाही गं. गवत आणि पाणी, बस." मग लिफ्टचं दार लागता लागता, "आणि महिन्या-दीड महिन्याने नखं कापायची!"

नखं कापायची तर आधी पंतांना उचलायला हवं. आपल्या माळरानावरचा ससा बीळ करत नाही, झुडपाच्या आडोशाला बसतो. पाळीव ससे मात्र युरोपातल्या बीळ उकरणाऱ्या सशांचे वंशज. उकरून उकरून त्यांची नखं झिजायची. आमच्या गुळगुळीत फरशीवर काय उकरणार, कपाळ? नखं नुसती वाढतात.

सोसायटीत ही अडचण कळायचा अवकाश, प्रत्येक मजल्यावर एकेक तज्ज्ञ निघाला. वरच्या मजल्यावरचे काका म्हणाले, "कान धरून उचला. जादूगार कसा टोपीतून काढतो?" (हे ऐकून पंतांचे कान मागे गेले, ते मी पाहिलं.) आमच्या ह्यांनी मोबाईलवर एक व्हिडिओ शोधून काढला. त्यात एका बाईच्या मांडीवर ससा उताणा पडला होता, चारी पाय वर, हालचाल म्हणून नाही. "बघ किती निवांत आहे! उलटं केलं की शांत होतात."

जनावरांच्या डॉक्टर मुलीला मी तो व्हिडिओ दाखवला. ती म्हणाली, "काकू, तो निवांत नाहीये, भीतीने गारठलाय. शिकाऱ्याच्या तावडीतून सुटायचा त्याच्याकडचा हा शेवटचा उपाय. असं चुकूनही करू नका." तेव्हापासून रविवारी दुपारी 'जरा भाजी आणता का' असं विचारल्यावर आमचे हे दिवाणावर तसेच निश्चल पडलेले दिसले, की मला शास्त्राबद्दल आदर वाटतो.

डॉक्टरने सांगितलं ते असं. रानात सशाला जमिनीवरून वर कोण उचलतं? घार, गरुड, नाहीतर कोल्हा. एकदा उचलला गेलेला ससा ही गोष्ट सांगायला परत येत नाही. त्यामुळे पाय जमिनीवरून सुटले की त्याच्या लेखी कारभार आटोपला, मग खाली कितीही प्रेमळ काकू असो. त्यात त्याचे मागचे पाय दांडगे आणि हाडं नाजूक. मांजराचा सांगाडा वजनाच्या १२-१३ टक्के भरतो, सशाचा जेमतेम ७-८. घाबरून हवेत जोरात लाथ झाडली, तर स्वतःच्याच पाठीचा कणा मोडून घेऊ शकतो. हे ऐकल्यावर मला घाम फुटला. तोवर एकटे पंत मला भीत होते, आता फिटंफाट झाली.

बरं, जवळ जायचं तरी कुठून? सशाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, मागचं-वरचं सगळं त्याला दिसतं. दिसत नाही ते बरोबर नाकासमोरचं. म्हणजे वरून हात नेला तर घार, समोरून नेला तर अंधारातून आलेलं भूत. राहिली बाजू. तिथून, बोलत बोलत, आपण येतोय हे कळवत जायचं. घरात ज्यांच्याशी मी असं अदबीने वागले त्या एकट्या सासूबाई, त्याही लग्नानंतरचं पहिलं वर्षभर.

डॉक्टरची पहिली पायरी होती, काहीही न करणं. फरशीवर पाय घसरतात म्हणून सतरंजी अंथरायची, तिच्यावर बसायचं आणि सशाकडे बघायचंसुद्धा नाही. मी मेथी निवडायला घेऊन बसू लागले. सासूबाई खुर्चीतून विचारायच्या, "अगं, त्याला उचलणार होतीस ना?"

"उचलतेच आहे, आई."

"असं?"

पंत टेबलाखालून नुसतं नाक हलवत. मध्येच मागचा पाय फरशीवर धप्पकन आपटत, म्हणजे धोक्याचा इशारा. कशाचा? तर शेजारच्या कुकरची शिट्टी. एकदा मेथीची एक काडी मुद्दाम लांब ठेवली. पंत आले, अंग मागे ठेवून नुसती मान लांबवून त्यांनी ती ओढली आणि पळाले. हळूहळू काडी माझ्याजवळ सरकू लागली. मग एके संध्याकाळी त्यांनी येऊन माझ्या गुडघ्यावर हनुवटी घासली. मला भरून आलं. डॉक्टर म्हणाली, हनुवटीखाली वासाच्या ग्रंथी असतात, ससा घासून आपली मालकी नोंदवतो. म्हणजे प्रेम वगैरे नव्हे. माझ्या गुडघ्याच्या सातबाऱ्यावर पंतांचं नाव चढलं होतं.

तिथून पुढे सगळं इंचाइंचाने. कपाळावर हात, कोथिंबीर. छातीखाली हात, काही न करता काढून घ्यायचा, कोथिंबीर. पुढचे पाय किंचित वर, लगेच खाली, कोथिंबीर. जुडी चाळीस रुपयांना गेली त्या आठवड्यात सासूबाईंनी आमटीत डोकावून विचारलं, "ह्यात कोथिंबीर नाही घातलीस?" मी म्हटलं, "पंतांच्या शिक्षणाला लागली."

मग खरी उचल. एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, आणि क्षणही न दवडता पोटाशी घट्ट. चारी पाय कशावर तरी टेकलेले हवेत, अधांतरी काही राहता कामा नये. ऊब एवढीशी, पण काळीज कसलं धडधडत होतं! सशाचे ठोके मिनिटाला दोनशेच्या वर सहज जातात. ते माझ्या तळहाताला लागत होते आणि माझे बहुधा त्याला. ठेवताना आधी ढुंगण टेकवायचं, नाहीतर जमीन दिसताच उडी मारतात. ठेवलं. पंतांनी अंग झटकलं, मिशा पुसल्या, आणि सोफ्याखाली न जाता कोथिंबीर मागायला उभे राहिले. सासूबाई म्हणाल्या, "काम होण्याआधी मागत नाही, तेवढा तुझ्या नवऱ्यापेक्षा बरा."

आता पंत माझ्या मांडीवर बसतात. कधी कधी दात अगदी हलके कुरकुरवतात, ते खुशीत असल्याचं लक्षण आहे म्हणे. तेव्हा म्हटलं, चला, नखं. आणि लक्षात आलं, पंतांना धरण्यात माझे दोन्ही हात गुंतलेत. कापणार कोण?

सासूबाईंनी चष्मा पुसून पाहिला आणि "मला नाही बाई दिसत" म्हणून परत घातला. राहिले आमचे हे. त्यांच्या हातात नखं कापायची कात्री दिली. नखाच्या आत गुलाबी रक्तवाहिनी दिसते, तिच्या अलीकडे कापायचं, एवढंच सांगितलं. 'रक्त' ऐकल्याबरोबर ह्यांचा चेहरा पांढरा पडला आणि कात्री टीपॉयवर.

सध्या ह्यांना सवय लावणं चालू आहे. आधी नुसतं शेजारी बसायचं, मग कात्री हातात धरायची, मग पंजाला एक बोट लावायचं. कोथिंबिरीवर ते ऐकत नाहीत. भजी तळावी लागतात.