काळ्या मातीवर कोर्ट घालताना
परसात बॅडमिंटन कोर्ट कसं करावं यावरचा एक लेख वाचला. आवडला, पण जमिनीबद्दल त्यात एक ओळही नाही. आमच्या सांगलीकडं काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर थेट काँक्रीट ओतलं की तडे गेलेच म्हणून समजा. आधी काळी माती उपसा, मुरूम भरा, पाणी मारत थराथरानं रोलर फिरवा. आणि एका बाजूला हलका उतार द्या, नाहीतर पाणी साचतं. कोर्ट ४४ बाय २० फूट. कडेनं मोकळी जागा सोडा. लांबी दक्षिणोत्तर ठेवली तर संध्याकाळचं ऊन डोळ्यांवर येत नाही. आणि कृपा करून वरचा थर गुळगुळीत घोटू नका, ओल्यात पोरं घसरतात. ओल्या काँक्रीटवर खराटा फिरवून खरखरीत ठेवा.