‘फेलन’च्या हाती पुन्हा बंदूक : एका फिरत्या दाव्याला उत्तर

गुन्हा सिद्ध झालेल्या व्यक्तींना बंदूक बाळगण्याचा हक्क परत मिळवून देणारी प्रक्रिया अमेरिकेत अनेक वर्षे बंद पडली होती. न्याय विभागाने २०२५ मध्ये ती पुन्हा सुरू केली, तेव्हापासून एक दावा जोरात फिरतो आहे आणि तिथल्या मराठी मंडळींच्या गटांतही तो न तपासता पुढे पाठवला जातो. दावा असा : फेलन (फेलनी, म्हणजे गंभीर वर्गातल्या गुन्ह्यात दोषी ठरलेला माणूस) म्हणजे खुनी आणि दरोडेखोर, त्यांच्यावर आजन्म शस्त्रबंदी अमेरिकेत पहिल्यापासून आहे, असे लोक पुन्हा गुन्हा करतातच, म्हणून त्यांचे अर्ज ऐकून घेणे हाच वेडेपणा आहे. अमेरिकेत बंदुकीने जाणारे जीव मलाही अस्वस्थ करतात, आणि बंदी नेमकी धोकादायक माणसावर असावी असे मनापासून वाटते, म्हणूनच हे उत्तर लिहितो आहे.

पहिला मुद्दा ‘फेलन म्हणजे खुनी’ हा. संघराज्याच्या ज्या कलमाने ही बंदी येते, त्यात हिंसेचा उल्लेखच नाही. ज्या गुन्ह्याला एक वर्षाहून अधिक कैद ‘होऊ शकते’, त्यात दोषी ठरलेली जवळजवळ कोणतीही व्यक्ती त्यात सापडते. प्रत्यक्षात ती एक दिवसही तुरुंगात गेली नसली तरी. बंदुकीच्या दुकानात गिऱ्हाईकाला ४४७३ क्रमांकाचा जो अर्ज भरावा लागतो, त्यातला प्रश्नही तसाच आहे : न्यायाधीश तुम्हाला एक वर्षाहून अधिक कैद देऊ शकले असते, अशा गुन्ह्यात तुम्ही कधी दोषी ठरला आहात का, मग प्रत्यक्ष शिक्षा कमी झाली असली तरी? उलट, मक्तेदारीविरोधी कायदा मोडून संगनमताने भाव ठरवणारा कंपनीचा अधिकारी दोषी ठरला, तरी व्यापारविषयक गुन्हे याच कायद्याने वगळलेले असल्यामुळे त्याची बंदूक त्याच्याकडेच राहते.

या शब्दांचा एखाद्या घरावर काय परिणाम होतो, हे पेन्सिल्व्हेनियातील ब्रायन रेंज या माणसाच्या खटल्यात दिसते. तीन मुलांचा बाप, बागांतले गवत कापून तासाला नऊ-साडेनऊ डॉलर मिळवणारा. १९९५ मध्ये फूड स्टॅम्पच्या (गरिबांना अन्नासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीच्या) अर्जात त्याची कमाई पूर्ण दाखवलेली नव्हती आणि त्या अर्जावर त्याची सही होती. जास्तीचे मिळालेले २,४५८ डॉलर परत करण्याचा आदेश झाला, शंभर डॉलर दंड झाला आणि तीन वर्षे देखरेखीखाली राहावे लागले. तुरुंगवास झाला नाही. राज्याच्या कायद्यात हा गुन्हा फेलनीसुद्धा नव्हता. पण कमाल शिक्षा पाच वर्षांची असल्याने शिकारीची बंदूक त्याला आयुष्यभरासाठी नाकारली गेली. तिसऱ्या सर्किटच्या (संघराज्याच्या एका विभागाच्या) अपील न्यायालयाने २०२३ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाच्या सूचनेवरून फेरविचार करून पुन्हा डिसेंबर २०२४ मध्ये त्याच्या बाजूने निकाल दिला. नवव्या सर्किटने मात्र मे २०२५ मध्ये दुसऱ्या एका खटल्यात सरसकट बंदी वैध ठरवली. न्यायालयांचेही यावर एकमत नाही, हे तो दावा पुढे पाठवणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

बंदी ‘पहिल्यापासून’ असल्याचे म्हणणे तर साफ चुकीचे आहे. १९३८ च्या कायद्यात बंदी हिंसक गुन्ह्यांपुरती होती. १९६१ मध्ये ती इतर गंभीर गुन्ह्यांपर्यंत वाढली आणि मार्टिन ल्यूथर किंग व रॉबर्ट केनेडी यांच्या हत्यांनंतर झालेल्या १९६८ च्या कायद्याने तिला आजचे रूप दिले. बंदीतून सुटका मागण्याची तरतूद १९६५ पासून कायद्यात आहे. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, १९९२ पासून या अर्जांच्या छाननीसाठी पैसे देणे बंद केले. तरतूद कागदावर राहिली, पण अर्ज वाचणारा कोणी उरला नाही, आणि अर्ज न वाचणे म्हणजे अर्ज नाकारणे नव्हे, त्यामुळे न्यायालय त्यात पडू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये एकमताने सांगितले. दार उघडेही नाही आणि बंदही नाही, अशी ही स्थिती कोणत्याही कायद्याला शोभणारी नव्हती.

पुन्हा गुन्हा करण्याचा मुद्दा सर्वांत वजनदार आहे आणि तो टाळून चालणार नाही. न्याय विभागाच्या सांख्यिकी कार्यालयाने २००५ मध्ये ३० राज्यांच्या तुरुंगांतून सुटलेल्यांचा नऊ वर्षे माग ठेवला, तेव्हा ८३ टक्के लोकांना त्या काळात निदान एकदा अटक झाली. हा आकडा गंभीर आहे. पण त्याच अहवालात पहिल्या वर्षी अटक झालेले ४४ टक्के, तर नवव्या वर्षी २४ टक्के होते. ही मोजणी तुरुंगातून सुटलेल्यांची आहे, रेंजसारख्यांचा त्यात समावेशच नाही. म्हणजे काळ आणि गुन्ह्याचे स्वरूप, दोन्ही पाहावे लागते. भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्याने हे केव्हाच ओळखले आहे : हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कैद झालेल्याला शिक्षा संपल्यापासून पाच वर्षे परवाना मिळत नाही, त्यानंतर अधिकारी अर्ज तपासून ठरवतो. भारतात शस्त्र हा परवान्याचा विषय आहे, हक्काचा नाही, हा फरक मोठा आहे. तरीही तपासणीची पद्धत विचार करण्यासारखी आहे.

राहिला ‘वेडेपणा’. १९९६ मध्ये काँग्रेसने कौटुंबिक हिंसेच्या किरकोळ मानल्या जाणाऱ्या गुन्ह्यांतही बंदूक काढून घेतली, कारण बायकोवर हात उगारणारा माणूस फेलन नसला तरी घरात बंदूक असताना जीवघेणा ठरतो. २०२४ च्या रहिमी निकालात सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मताने हेच सूत्र धरले : इतरांच्या जिवाला खरा धोका असल्याचे न्यायालयाला आढळले, तर त्या व्यक्तीचे शस्त्र तात्पुरते काढून घेता येते. दोन्ही ठिकाणी पाहिला गेला तो धोका. शिक्षा संपताच हक्क आपोआप परत द्यावा, असे म्हणणाऱ्यांशीही मी याच कारणाने सहमत नाही. मतदानाच्या हक्काचे वेगळे : मतपेटीत टाकलेल्या कागदाने कोणाचा जीव जात नाही. न्याय विभागाच्या जुलै २०२५ च्या मसुद्यात हिंसक गुन्हेगार आणि नोंदणीकृत लैंगिक गुन्हेगार सहसा अपात्रच धरले आहेत, ते योग्य आहे. मात्र निकष सर्वांना वाचता यावेत, पीडितांना आधी कळवले जावे, निर्णयाची कारणे लेखी असावीत आणि ओळखीपाळखीच्या प्रसिद्ध माणसाला व गवत कापणाऱ्याला एकच रांग असावी, एवढे मागितलेच पाहिजे.