'सरकारचं ऐका, प्रार्थना सोडा' या मेसेजला माझं उत्तर

सध्या आपल्याकडं ग्रुपाग्रुपात एक मेसेज फिरून राहिला. ख्रिस्ती बांधवांनो, तुमचंच बायबल म्हणते सत्तेच्या अधीन राहा, मग गावानं प्रार्थना बंद करा म्हटलं तर बंद करा, परवानगीशिवाय घरात सभा घेणं गुन्हा आहे, धर्म तसाही इंग्रजांनी आणलेला अन् तुम्ही तांदळासाठी गेलेले, आणि देव मनातलं पाहते त्यामुळं धर्म सोडल्याच्या कागदावर सही करून मोकळे व्हा. आपलेच काही लोक हे वाचून घाबरले म्हणून लिहितो.

आधी सत्तेच्या अधीन राहायचं, ते बायबलातल्या पौलाच्या रोमकरांस पत्राच्या 13 व्या अध्यायात आहे. हो, अधिकाऱ्यांच्या अधीन राहा, कर द्या, मान द्या असं लिहिलंय आणि आपण ते करतोच, घरपट्टी भरतो, मतदानाला लाइनीत उभे राहतो, पोलीस पाटलानं बोलावलं तर हातचं काम टाकून जातो. पण हे लिहिणारा पौल कोण होता? फिलिप्पै शहरात त्याला अन् त्याचा सोबती सीलाला चौकशी न करता छड्यांनी मारलं, पाय खोड्यात अडकवले, आणि हे दोघं मध्यरात्री तिथं देवाची गाणी म्हणून राहिले होते. सकाळी अधिकाऱ्यांचा निरोप आला की सोडून द्या त्यांना, तर पौल म्हणे आम्ही रोमी नागरिक, चारचौघांत मारलं अन् आता गुपचूप काढता का, स्वतः या आणि बाहेर न्या. पुढं त्यानं कैसराकडंच, म्हणजे रोमी बादशहाकडं, दाद मागितली. म्हणजे कायदा मानायचा आणि कायद्यानं आपल्याला जे दिलं तेही मागायचं, प्रार्थना सोडायचं यात कुठं आलं? यरुशलेमेत न्यायसभेनं येशूच्या नावानं शिकवू नका म्हटलं तेव्हा येशूचा शिष्य पेत्र अन् बाकीच्या प्रेषितांनी तोंडावर सांगितलं की माणसापेक्षा देवाचं ऐकलं पाहिजे (बायबल, प्रेषितांची कृत्ये 5:29), मार खाल्ला, पण कोणावर हात उचलला नाही.

परवानगीचं. संविधानाचं कलम 25 धर्म मानायचा, आचरायचा अन् सांगायचा हक्क देते, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य सांभाळून. घरात चार लोकांनी बसून प्रार्थना करायला परवानगी काढा असं त्यात नाही. रात्री 10 नंतर भोंगा लावला तर ती आपली चूक, शेजाऱ्याला त्रास देऊन भक्ती होत नाही. कोणाला जबरदस्तीनं किंवा लालूच देऊन आणणं तर आपल्या विश्वासातच बसत नाही. आणि 1985 ला केरळात यहोवाचे साक्षीदार पंथाच्या तीन भावंडांना शाळेतून काढलं होतं, राष्ट्रगीताला आदरानं उभे राहायचे पण श्रद्धेमुळं गात नव्हते म्हणून. त्या पंथाची शिकवण आपल्याला पटत नाही ते सोडा, पण सुप्रीम कोर्टानं 1986 ला निकाल त्या लेकरांच्या बाजूनं दिला. ना दगड, ना शिव्या, नुसते गप उभे राहिलेले लेकरं! आणि आपण तर नागपूरवाले, 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी लाखो लोकांसोबत धर्म बदलला ती दीक्षाभूमी आपल्याच इथं आहे, श्रद्धेचा हक्क काय असते हे विदर्भाला कोणी शिकवायची गरज नाही.

इंग्रजांचं थोडक्यात. केरळातले ख्रिस्ती इंग्रजांच्या कित्येक शतकं आधीचे. आणि 1813 ला मुंबईत हॉल अन् नॉट हे अमेरिकन मिशनरी उतरले तर कंपनी सरकारनंच त्यांना देश सोडा म्हटलं होतं. तांदळाचं म्हणाल तर 1950 च्या राष्ट्रपतींच्या अनुसूचित जाती आदेशाप्रमाणं अनुसूचित जातीचा माणूस ख्रिस्ती झाला की त्याची एससीची सवलत जाते, पोराची शिष्यवृत्ती, नोकरीतली जागा सगळंच, मग फायदा कोणता झाला बाप्पा?

आता सही, जी मले सगळ्यात जास्त लागली. हे काही नवं नाही. इसवी सन 112 च्या सुमारास प्लिनी नावाचा रोमी सुभेदार ख्रिस्ती लोकांना असंच म्हणे, बादशहाच्या मूर्तीपुढं धूप टाका, ख्रिस्ताला शिव्या द्या अन् घरी जा. चिमूटभर धुपाचाच प्रश्न होता, मनात काय ठेवता ते कोणी पाहत नव्हतं. स्मुर्णा शहराच्या म्हाताऱ्या बिशप पॉलिकार्पला तेच सांगितलं तर तो म्हणाला 86 वर्षं मी त्याची सेवा केली, त्यानं माझं काही वाईट केलं नाही, मग माझ्या राजाची निंदा कशी करू. जाळलं त्याला. देव मनातलं पाहते हे खरंच आहे, पण मनातलं तोंडावर नाकारायला लावणारा माणूस तुमचं मनच मागून राहिला, कागद नुसतं निमित्त आहे.

तरी ज्यांनी भीतीपोटी सही केली त्यांना आपल्यातल्या कोणी टाकून बोलू नये. पेत्रानंही शेकोटीपाशी तीनदा मी येशूला ओळखत नाही म्हटलं होतं, आणि प्रभूनं त्यालाच आपली मेंढरं, म्हणजे आपले लोक, सांभाळायला दिली. त्यांच्या घरी जा, चहा प्या, रविवारी सोबत घेऊन या. आणि पुन्हा कोणी कागद घेऊन आलं तर एकट्यानं सही करू नका, पूर्ण वाचा, कोणत्या कायद्यानं मागता ते लिहून मागा, झेरॉक्स ठेवा, वकिलाला दाखवा, आणि आणणाऱ्याला नमस्कार करून पाणी विचारा, तोही आपल्याच गावचा आहे.