‘नेव्हीवाल्यांचं काय, एसीत बसून युद्ध!’

दर ४ डिसेंबरला, नौदल दिनाच्या सकाळी, आमच्या भाऊबंदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज न चुकता येतो. मजकूर थोडक्यात असा : १९७१ ला नौदलानं एका रात्रीत कराची पेटवली आणि एकही माणूस न गमावता युद्ध संपवलं. खरं मरण सीमेवरच्या जवानाचं. जहाजावर एसी, फुकट जेवण, घरी बोलायची सोय. आणि खान्देशाला समुद्रच नाही, आपला काय संबंध? खाली तीन तिरंगे.

माझे तात्या, म्हणजे सख्खे काका, त्या डिसेंबरात पश्चिम ताफ्यातल्या एका वाफेवरच्या जहाजाच्या बॉयलर रूममध्ये होते. गाव एरंडोल तालुक्यातलं. म्हणून गप्प बसवत नाही.

आधी एसी. आजच्या जहाजांवर आहे, आणि तो माणसांइतकाच आतल्या इलेक्ट्रॉनिक्ससाठी आहे. तात्यांच्या बॉयलर रूममध्ये होता तो भट्टीचा जाळ. चार-चार तासांची वॉच, म्हणजे कामाची पाळी. त्यात रात्री बारा ते चार सगळ्यात नकोशी. त्याच माणसावर रोज तीच वेळ येऊ नये म्हणून संध्याकाळच्या चार ते आठचे दोन तुकडे करतात, पण युद्धात वॉच संपली तरी झोप लागेलच असं नाही. ॲक्शन स्टेशन्सचा, म्हणजे लढाईच्या जागा गाठायचा अलार्म झाला की अंगावर असेल त्या कपड्यानं पळायचं. दिवस मावळला की उजेडाची तिरीपही बाहेर जाता कामा नये. उघड्या डेकवर विडी पेटवणं म्हणजे गुन्हाच. लोक अजून विचारतात, तात्या, कराची पेटलेली पाहिली का? ते म्हणतात, ‘‘आमचं जहाज तिथं नव्हतंच. असतं तरी मला प्रेशरचा काटाच दिसला असता.’’

पाण्याचं तर विचारूच नका. समुद्राचं पाणी उकळून गोडं करायचं, आणि त्यावर पहिला हक्क बॉयलरचा, उरेल ते माणसांना. खाऱ्या पाण्यात अंघोळ केली तर साबणाला फेस येत नाही, अंग चिकट ते चिकटच. हाताचं तेल पुसायला कॉटन वेस्टचा, म्हणजे टाकाऊ सुताचा गोळा मिळायचा. तो हातात आला की तात्यांना घर दिसायचं. डिसेंबर म्हणजे वेचणीचे दिवस. पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत कापसाचा ढीग, त्यावर आम्ही पोरं लोळतोय आणि आजी काठी घेऊन ओरडतेय. हे सूत आपल्याच वावरातलं असेल का, असं मनात यायचं म्हणे. मग काट्याकडे बघायचं.

फुकट जेवण मात्र खरं आहे. भरताच्या वांग्यांचा हंगाम होता आणि कळण्याची भाकरी नव्हती, एवढंच. त्याची तक्रार तात्यांनीही कधी केली नाही.

घरी बोलायची सोय? युद्धात जहाज रेडिओवर मुकं होतं, कारण बोललं की शत्रूला दिशा कळते. पत्रावर जहाजाचं नाव आणि ‘फ्लीट मेल ऑफिस, मुंबई’ एवढाच पत्ता. त्या नावाचं जहाज आज दीवजवळ आहे की आणखी कुठं, हे घरच्यांना कळायला मार्गच नाही. ३ डिसेंबरला युद्ध सुरू झालं आणि आमच्याकडे पत्रं यायची थांबली.

खान्देशाला समुद्र नाही, कबूल. तापीला विचारा ती कुठं जाते ते.

आता ‘एकही माणूस न गमावता’. ४ डिसेंबरच्या रात्रीपुरतं हे खरं आहे. निपात, निर्घात आणि वीर या मिसाइल बोटी, मुळात किनाऱ्याच्या रक्षणासाठी घेतलेल्या, कराचीवर जाऊन सुखरूप परतल्या. मेसेज लिहिणारा तिथंच थांबला. ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीनं आयएनएस खुकरी बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबरच गेले. जहाज काही मिनिटांत पाण्याखाली होतं. बॉयलर रूममधून वर यायला किती शिड्या लागतात ते तात्या बोटं मोजून सांगतात आणि मग विषय बदलतात.

बातमी गावात पोचली ती ‘आपलं एक जहाज बुडालं’ एवढीच. नाव कुणी म्हणे हे, कुणी म्हणे ते. आजीला अक्षरओळख नव्हती. पत्र्याच्या डब्यातली तात्यांची सगळी इनलँड पत्रं पदरात घेऊन ती मास्तरांकडे गेली. मास्तरांनी एकेक उलटून जहाजाचं नाव वाचलं, मग दुसऱ्या दिवशीचा पेपर मागवून त्याच्याशी ताडून पाहिलं. दुसरंच नाव होतं. मास्तर हसले, म्हणाले, तुमचा आंडोर, तुमचा पोरगा नाही त्यात.

आजी उठली नाही. पत्रं पुन्हा पदरात घेता घेता तिनं विचारलं, ‘‘मंग त्या कोना आंडोर व्हतात?’’