अर्थपूर्ण

एप्रिलमध्ये माझं पीपीएफचं, म्हणजे सरकारी भविष्य निर्वाह बचतीचं, खातं मॅच्युअर झालं. नौपाड्यातल्या बँकेतल्या मुलीने पासबुक छापलं, काचेखालून सरकवलं आणि विचारलं, "काका, पैसे काढायचे की पाच वर्षं वाढवायचं?"

मी आधी 'काका'ने दचकलो, मग आकड्याने. पंधरा वर्षांच्या दीर्घ मुदतीच्या गुंतवणुकीचे चौदा हजारसुद्धा धड झाले नव्हते. चूक व्याजाची नव्हती. या खात्यात वर्षाला दीड लाखापर्यंत भरता येतात. मी दर मार्चच्या शेवटच्या दोन दिवसांत धावतपळत जाऊन खातं जिवंत राहण्यापुरते किमान पाचशे भरत आलो होतो. एखाद्या आजारी माणसाला चमच्याने पाणी पाजावं तसं. आणि चारचौघांत मात्र "आपलं पीपीएफ आहे ना" असं छाती काढून सांगत होतो.

"विचार करून सांगतो," मी म्हणालो. तेरा हजार काहीशे रुपयांवर विचार करणारा माणूस तिने बहुधा प्रथमच पाहिला असावा.

त्याच संध्याकाळी फोर्टातून येताना फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर दोन पुस्तकं घेतली. एक पैसा कसा राखावा याचं, दुसरं अर्थपूर्ण कसं जगावं याचं. दोन्ही मिळून साडेतीनशे. पहिल्या पुस्तकाचा पहिलाच सल्ला होता, अनावश्यक खरेदी टाळा. बायकोने तो न वाचताच दिला. "ग्रंथ संग्रहालय 1893 पासून आहे ठाण्यात. तुम्हाला आजवर दिसलं नाही?"

आपल्या भाषेचीही गंमत आहे. 'अर्थ' म्हणजे पैसा आणि 'अर्थ' म्हणजे मतलबही. पेपरात 'अर्थपूर्ण वाटाघाटी' छापून आलं की आपण मुकाट्याने टेबलाखालचं पाकीट समजून घेतो. मी म्हटलं, दोन्ही अर्थ एकदमच लावून टाकू. जाताना पैशाचं पुस्तक, येताना जगण्याचं. सकाळच्या ठाणे स्लोला सीएसएमटीपर्यंत तासभर मिळतोच.

याचा परिणाम असा झाला की मी सकाळी कंजूष आणि संध्याकाळी तत्त्वज्ञ होऊ लागलो. सकाळी मुलुंड येईपर्यंत चहा वर्ज्य असायचा. संध्याकाळी घाटकोपर गेलं की हा क्षण पुन्हा येणार नाही, या जाणिवेने गळा दाटून यायचा आणि ठाण्याला उतरल्याबरोबर मी दोन कटिंग प्यायचो.

पैशाच्या पुस्तकाने पहिला घाव वडापाववर घातला. स्टेशनबाहेर वीस रुपयांना मिळतो. महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे 500 रुपये. हेच दरमहा म्युच्युअल फंडाच्या एसआयपीत घातले आणि 12 टक्के मिळाले, तर वीस वर्षांनी जवळजवळ 5 लाख! त्या दिवशी गाडीकडे बघताना कढईत माझे 5 लाख तळले जात आहेत असं वाटलं. आठ दिवस मी तोंड फिरवून गेलो. नवव्या दिवशी वहीत उलटा हिशोब मांडला. महागाई 6 टक्के धरली तर वीस वर्षांनी वडापाव 64 रुपयांना. 5 लाखांत साधारण 7,800 येतील. आणि तोवर मी किती सोडलेले असणार? 6,000. म्हणजे वीस वर्षांच्या तपश्चर्येचं निव्वळ फळ 1,800 वडापाव, तेही चौसष्टाव्या वर्षी, डॉक्टरांनी तळलेलं बंद केल्यावर. त्या दिवशी दोन खाल्ले.

मग 72 चा नियम भेटला. 72 ला व्याजदराने भागलं की पैसे किती वर्षांत दुप्पट होतील ते कळतं. पीपीएफचे 7.1 टक्के म्हणजे दहा वर्षांपेक्षा थोडं जास्त. हत्यार हातात आलं की माणूस दिसेल त्यावर चालवतो. मी घरातल्या प्रत्येक गोष्टीला 72 लावून पाहिलं. वर्षाला 12 टक्क्यांनी, खात्रीने, न चुकता वाढलेली एकच गोष्ट सापडली. सोसायटीचा मेंटेनन्स. सहा वर्षांत बरोबर दुप्पट.

पण खरा दणका पंचवीस पटींचा. विल्यम बेंगन नावाच्या अमेरिकन सल्लागाराने 1994 साली हिशोब मांडला की निवृत्त झाल्यावर पहिल्या वर्षी पुंजीतले 4 टक्के काढले आणि पुढे महागाईप्रमाणे वाढवत नेले, तर ती तीस वर्षं पुरते. म्हणजे वर्षाच्या खर्चाच्या पंचवीस पट पुंजी हवी. त्याचा अभ्यास अमेरिकेतल्या शेअर आणि रोख्यांवरचा होता, त्यात ठाण्यातल्या क्लासच्या फिया नव्हत्या, पण मी पेन्सिल काढली. महिन्याला 60 हजार, वर्षाला 7 लाख 20 हजार, गुणिले पंचवीस. भांडुप ते कांजूरमार्ग मी गुणाकारातच होतो. शेजारचा माणूस खांद्यावरून बघत होता. अखेर त्याला राहवलं नाही. "हातचा राहिला तुमचा," तो म्हणाला. हातचा धरल्यावर उत्तर आलं 1 कोटी 80 लाख. त्यातून पीपीएफचे तेरा हजार वजा केले. फारसा फरक पडला नाही.

त्या डब्यात भजनी मंडळ असतं. टाळ थांबवून त्यातले एक काका म्हणाले, "तुकोबांनी सावकारीची खतं भावाबरोबर निम्मी निम्मी वाटून घेतली आणि आपली निम्मी इंद्रायणीत सोडली म्हणतात. तुमचं पुस्तक काय म्हणतं यावर?" मी पाहिलं. पन्नास टक्के वाटणीपर्यंत पुस्तकाची हरकत नव्हती.

संध्याकाळचं पुस्तक दिसायला गरीब, पण जास्त छळायचं. त्यात 'इकिगाई' म्हणून चार वर्तुळं होती. आवडतं ते, जमतं ते, जगाला हवं ते आणि ज्याचे पैसे मिळतात ते. शब्द जपानी असला तरी हे चित्र तिकडचं नाहीच, कुणा पाश्चात्त्याने मागाहून जोडलंय, हे मला नंतर कळलं. तोवर मी आमटीच्या वाटीने चार वर्तुळं काढून बसलो होतो. मला मनापासून आवडतं आणि उत्तम जमतं ते एकच, खिडकीशी बसून झोपणं. जगाला ते नको आहे आणि त्याचे पैसे मिळत नाहीत. ऑफिसात थोडेफार मिळतात, पण ते लिहिण्यासारखं नाही. मुलीने वहीत डोकावून विचारलं, "बाबा, कडबोळी काढताय?"

पुढच्या प्रकरणात लेखक म्हणाला, तुमच्या शोकसभेत लोक तुमच्याबद्दल काय बोलतील ते लिहा, म्हणजे कसं जगावं ते समजेल. मी विक्रोळी ते नाहूर मन लावून लिहिलं. वर, रीतीप्रमाणे, 'कै.' आणि माझं नाव. खाली, 'शांत, मनमिळाऊ. कधी कुणाच्या अध्यातमध्यात नाही. पाण्याची मोटर आठवणीने बंद करायचे.' याहून पुढे काही सुचेना. ओळी तीनच झाल्या, पण वाचून माझेच डोळे भरून आले.

वही एकच होती, हा घोटाळा. आणि ती डब्याच्या पिशवीत राहिली, हा त्याहून मोठा. डबा घासायला काढताना बायकोला सापडली. डाव्या पानावर त्याच सकाळचं टिपण होतं: 'टर्म इन्शुरन्स, उत्पन्नाच्या दहा-पंधरा पट. नॉमिनी ही. एफडीच्या पावत्या आणि कपाटाची किल्ली कुठे असते ते हिला नीट सांगून ठेवणे. लवकर.' 'लवकर'खाली दोन रेघा. उजव्या पानावर 'कै.'

मी तलावपाळीवर एक फेरी मारून, क्षणभंगुरतेचा नीट विचार करून आलो, तर दारात चपलाच चपला. डोंबिवलीहून मेहुणा शहाळी घेऊन आला होता. समोरच्या वहिनी हिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. मला बघून सगळे एकदम उठून उभे राहिले. असा मान मला लग्नातही मिळाला नव्हता.

"भावोजी, डॉक्टर काय म्हणाले?" मेहुण्याने हळू आवाजात विचारलं.

"कुठले डॉक्टर?"

"आमच्यापासून लपवू नका."

तो पुस्तकातला गृहपाठ होता, हे पटवायला पाऊण तास लागला. दोन्ही पुस्तकं टीपॉयवर पुराव्यासारखी मांडावी लागली. बायको रडायची थांबली आणि मग खरं ऐकवायला लागली. मेहुणा शहाळ्यातलं पाणी स्वतःच पीत वही चाळत होता. "ताई, टर्म इन्शुरन्सचं बाकी बरोबर आहे हं," तो म्हणाला. वहिनी जाताना म्हणाल्या, "मोटर मात्र आमचे हेच बंद करतात."

मुदत वाढवायची तर खातं मॅच्युअर झाल्यापासून वर्षभरात सांगावं लागतं. तसा वेळ होता. पण दुसऱ्याच दिवशी ही मला घेऊन बँकेत गेली. तीच मुलगी, तीच काच.

"काका, काय ठरलं? वाढवायचं?"

"वाढवा," माझ्या आधी ही म्हणाली. "पाच वर्षं तरी वाढवा."

मुलीने स्क्रीनवर पाहिलं. "नॉमिनी त्याच ठेवायच्या ना? इथे आई आहेत."

खातं लग्नाआधीचं होतं. काही वेळ फक्त पंख्याचा आवाज आला. हिने हात लांब करून माझ्या खिशातली पेन्सिल काढून घेतली आणि फॉर्म पुढे ओढला.

"मॅडम," मुलगी म्हणाली, "त्याला पेन लागेल."