ते पर्सेंटाईल आहे रे भो, टक्के नाही!

सीईटीचा निकाल लागला की जळगावात चौकाचौकात फ्लेक्स, ‘९९ टक्के मिळवून घवघवीत यश’, अरे भो ते पर्सेंटाईल आहे! म्हणजे शंभरातली ९९ पोरं फ्लेक्सवरच्या पोरीच्या मागं नाहीतर बरोबरीला, पेपरात मार्क किती पडले ते वेगळंच. काल टपरीवर हेच समजावत होतो तर एक जण म्हणे, सर पोरीवर जळता का. (स्टॅटिस्टिक्स शिकवतो, हीच चूक.) आणि त्या क्लासवाल्याची ‘निकालात १०० टक्के वाढ’, मागच्या वर्षी एक पोरगं लागलं यंदा दोन, झालं ना डबल! बसले किती होते विचारलं तर चहा मागवतो. पेपरवाले तरी कुठं कमी, व्याजदर ४ टक्क्यांचा ६ झाला की ‘२ टक्के वाढ’, अरे ४ वर २ म्हणजे वाढ ५० टक्क्यांची झाली ना!